हाताने लिहिलेलं आउटपुट

"सर, हे बघा. हिनं आउटपुट हातानं टाइप केलंय."

आमच्या सरांनी बाहेरून आलेल्या परीक्षकांना हाक मारली आणि माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. परीक्षक वाकले. चष्मा वर केला. वाचलं आणि हसले. मग सर हसले. मग सगळी लॅब हसली. ज्यांना माझी स्क्रीन दिसतही नव्हती ती पोरंसुद्धा.

सोलापुरातलं एक पॉलिटेक्निक. डिप्लोमाचं दुसरं वर्ष. जावाची प्रॅक्टिकल परीक्षा. प्रश्न सोपा होता. पाच विषयांचे गुण घ्या, सरासरी काढा. मी नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. खाली रेघ ओढली होती. रेघेखाली 'आउटपुट' असं लिहून सरासरी लिहिली होती, चौसष्ट. ती मी मनातल्या मनात काढली होती आणि ती बरोबर होती. फक्त तो आकडा कॉम्प्युटरनं दिलेला नव्हता. मी दिला होता.

"प्रोग्रॅम चालवून दाखवायचा असतो, बाई. हा निबंधाचा पेपर नाही."

"सर, मी चालवत होते. पण javac टाकलं की हे मशीन घेतच नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

पुन्हा हशा. मी तरीही कमांड टाकायच्या काळ्या खिडकीत परत टाइप करून दाखवायला हात पुढे केला. तेव्हा ते म्हणाले, "हात लावू नकोस. ऊठ. बिघडवून ठेवशील."

आणि परीक्षकांकडे वळून, आवाज जराही खाली न आणता, "फ्रीशिपवाले आहेत, सर. सरकार सीट देतं. डोकं कुठून देणार?"

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मशीनकडे गेले. मी उठले. माझ्या खुर्चीमागून जाताना सरांनी माझं मशीन बंद केलं. प्रोग्रॅम सेव्ह झाला होता की नाही, तेही मला बघता आलं नाही.

हात लावू नकोस. आमची वस्ती मंद्रूप गावाच्या खालच्या अंगाला. 'हात लावू नकोस' हे वाक्य माझ्या आईनं शाळेतल्या पाण्याच्या माठापाशी ऐकलंय. मला वाटायचं, ते तिथंच राहिलं. मी तर शिकायला शहरात आले, रोज एसटीनं, थंडगार लॅबमध्ये. तिथं ते माझ्या आधी येऊन बसलं होतं.

आता कुणी म्हणेल, बाई गं, प्रोग्रॅम लिहिता येतो आणि चालवता येत नाही, असं कसं? ते कसं, तेच सांगायचंय.

आमच्या लॅबमध्ये मशीन कमी, पोरं जास्त. सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "घरी लॅपटॉप कुणाकुणाकडे आहे?" हात वर झाले. मग सरांनी जोड्या लावल्या. ज्याच्याकडे लॅपटॉप त्यानं कीबोर्डवर बसायचं. दुसऱ्यानं शेजारी थांबायचं. "बघून शिका. बघून लवकर येतं."

ऐकायला किती सरळ वाटतं. मलाही वाटलं. पण हे 'दुसरे' कोण होते बघा. मी. शाहीन. सांगोल्याचा एक पोरगा. अक्कलकोटकडची एक पोरगी, घरी कन्नड बोलणारी, जिला मराठीच अडखळत यायचं. सगळे फ्रीशिपवाले, म्हणजे ज्यांची फी सरकार भरतं. कुणाची जात विचारली नाही, कुणाचं आडनाव घेतलं नाही. लॅपटॉप कुणाकडे, एवढंच विचारलं. तेवढ्यात काम झालं.

माझी जोडी सिद्धीशी. वडील डॉक्टर. पोरगी स्वभावानं वाईट नाही, हे आधीच सांगते. डब्यातलं द्यायची, हसून बोलायची. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "तुझं अक्षर किती सुंदर आहे गं. माझं पण जर्नल लिहून देशील?"

मी खूश झाले. खरंच सांगते, खूश झाले. डॉक्टरच्या पोरीनं माझं अक्षर चांगलं म्हटलं!

मग प्रत्येक प्रॅक्टिकलला तेच. सिद्धी खुर्चीवर. मी खिडकीच्या कट्ट्यापाशी उभी, कारण तिथं दोन जर्नलं मांडून लिहिता यायचं. तिचं आणि माझं. प्रोग्रॅम पुस्तकातून उतरवायचा, खाली रेघ, रेघेखाली आउटपुट. आउटपुट काय येणार हे मी डोक्यात काढायचे. कधी सिद्धी तिथून ओरडून विचारायची, "लूप कितीपर्यंत?" मी इथून सांगायचे. ती टाइप करायची, प्रोग्रॅम चालवायचं हिरवं बटण दाबायची आणि फोन बघत बसायची. सर यायचे, दोन्ही जर्नलांवर लाल पेनानं बरोबरची खूण करायचे, सही करायचे. माझं आउटपुट कुठल्याच कॉम्प्युटरवर कधी चाललं नव्हतं. सरांना ते माहीत होतं. माहीत असून खूण करायचे.

म्हणजे अख्खं सेमिस्टर मला शिकवलं काय, तर प्रोग्रॅम म्हणजे वर कोड आणि खाली रेघ मारून हातानं लिहिलेलं उत्तर. असं लिहिलं की सही मिळते. परीक्षेत मी तेच केलं. ज्यावर सह्या दिल्या, त्यावरच हसले. याचा राग आजही जात नाही.

परीक्षा तुकड्यांनी होती, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र मशीन होतं. मला शेवटच्या रांगेतलं मिळालं. त्यावर ते हिरवं बटण असलेलं सॉफ्टवेअरच नव्हतं. नोटपॅड आणि काळी खिडकी, बस. सेमिकोलन कुठल्या बटणावर असतो हे शोधण्यातच माझा निम्मा वेळ गेला. हसू नका. तुम्ही पेनानं सेमिकोलन काढला असेल, बटणावर शोधून बघा. जर्नलच्या पहिल्या पानावर मीच सुंदर अक्षरात लिहिलं होतं की आधी javac लिहून फाइलचं नाव द्यायचं, म्हणजे प्रोग्रॅम मशीनला कळेल असा तयार होतो. मग java लिहून नाव द्यायचं, म्हणजे तो चालतो. मी तसंच टाइप केलं. खाली एक इंग्रजी ओळ आली. पुन्हा केलं. पुन्हा तीच. मला वाटलं, मीच चुकले. आपल्याला दुसरं काही वाटतच नाही. मशीन चुकलं असेल, सर चुकले असतील, हे डोक्यात येतच नाही. आधी आपण.

नापास झाले.

आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मी सांगितलं.

"कशात गेलीस?"

"कंप्युटरच्या परीक्षेत."

"मंग तितं रोज कंप्युटर लावतीस की."

"न्हाय. सिद्धी लावती. मी तिचं लिवते."

आईचा हात थांबला. "तिचं तू लिवतीस. आन तुजं कोन लावतंय?"

 तोवर मी हा हिशेबच केला नव्हता.

बाबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतात. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "सुट्टीनंतर परत परीक्षा हाय म्हनतीस तर दी. पर परत ग्येलीस तर फ्रीशिप थांबंल. मला न्हाय जमायचं बाळा. वैरागचं स्थळ इचारतंच हाय." म्हणजे फेरपरीक्षा एक आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एकीवर.

शाहीनही नापास झाली होती. तिच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे शहरात. दुपारच्या उन्हात तिकडं कुत्रंही फिरकत नाही, आणि दुकानातला कॉम्प्युटर तेवढा वेळ रिकामा असतो. "ये बे. भाईला मी सांगितलंय," शाहीन म्हणाली. सुट्टीभर मी मंद्रूपहून एसटीनं जात राहिले. घरी सांगितलं, क्लास आहे. खोटं नव्हतंच ते.

भावाच्या मोबाइलच्या नेटवर आम्ही जावा उतरवून घेतलं. नोटपॅड उघडलं. मी प्रोग्रॅम टाइप केला, एकेका बोटानं. काळी खिडकी उघडली. javac टाकलं. आणि तीच ओळ. परीक्षेतली. अक्षर न् अक्षर तीच. माझे डोळे भरून आले.

"रडू नक्को," शाहीन म्हणाली. "काय लिव्हलंय ते तर वाच आधी."

खरंच की. मी ती ओळ दोनदा बघितली होती, वाचली एकदाही नव्हती. सर अंगावर येतील या भीतीनं इंग्रजी नुसतं दिसत होतं. आता बसून वाचलं. मोबाइलवर शब्द शोधले. ओळ एवढंच सांगत होती की javac नावाचं काही मला सापडत नाही. बस. प्रोग्रॅमबद्दल ती काही म्हणतच नव्हती. तिनं माझा प्रोग्रॅम उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

शोधत शोधत कळलं ते असं. जावा कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमध्ये पडलेलं असतं. ते कुठं आहे हे काळ्या खिडकीला एकदा सांगून ठेवावं लागतं. त्याला पाथ लावणं म्हणतात. ते मशीन तयार करणाऱ्यानं करायचं असतं. नसेल केलं तर दर वेळी पूर्ण पत्ता टाइप करून बोलवावं लागतं. आमच्या लॅबच्या पुढच्या रांगेत हिरव्या बटणाचं सॉफ्टवेअर होतं, तिथं ही अडचण कुणाला आलीच नाही. मागच्या रांगेतल्या मशीनवर पाथ लावलेलाच नव्हता. कुणी लावायचा? मागं बसणारा तक्रार करत नाही.

अंगण वाकडंच होतं. मी नाचायला उभी राहण्याआधीपासून वाकडं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संताप आला. मी चुकले नव्हते आणि तरी मान खाली घालून बाहेर आले होते, वर एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले होते. त्या रडण्याचं काय करायचं?

मग खऱ्या चुका सुरू झाल्या, माझ्या स्वतःच्या. फाइल सापडत नाही म्हणून मशीन ओरडायचं, कारण नोटपॅडनं नावापुढं गुपचूप आपलं .txt हे शेपूट जोडलेलं असायचं. नावातलं पहिलं अक्षर एकीकडे मोठं, एकीकडे लहान. कंस उघडला, मिटलाच नाही. एकदा तर चुकांची एवढी रांग लागली की शाहीनचा भाऊ म्हणाला, "काय फोडला का काय कॉम्प्युटर?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी हसले मी.

एक गोष्ट मात्र तिथं मनात पक्की झाली. ते मशीन चूक दाखवतं तेव्हा ओळ सांगतं. सातव्या ओळीत चूक आहे. सातवी ओळ नीट करा. ते असं म्हणत नाही की तूच चुकीची आहेस, ऊठ. अख्ख्या सेमिस्टरमध्ये माझी ओळ कोणती चुकली हे मला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. चहा पीत होते. मऊ आवाजात बोलले.

"हे बघ, सिद्धी उद्या येणार आहे कॉलेजला. तिला सांगतो. ती टाइप करेल, तू शेजारी बस. परीक्षकांशी मी बोलतो. पास करून टाकू. तुम्हाला अडवून मला काय मिळणार?"

क्षणभर, खरं सांगते, बरं वाटलं. बाबा दिसले, वैराग दिसलं. हो म्हटलं असतं तर सगळं सुटत होतं. पण तुम्हाला, म्हणाले ते. एकट्या मला नाही. तुम्हाला. पुन्हा शेजारी. पुन्हा बघत.

"नको, सर. मी करीन."

"नापास झालीस तर?"

"झाले तर झाले."

"गर्व आहे का एवढा?"

 मी स्टाफरूमचं दार लोटलं आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी तीच मागची रांग. तेच मशीन. पाथ अजूनही लावलेला नव्हता! एक पोरगी त्याच्यापायी नापास झाली, तरी कुणाला उठून बघावंसं वाटलं नाही. मी पूर्ण पत्ता टाइप करत गेले. लांबलचक. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.  वेळ संपत आला तेव्हा प्रोग्रॅम चालला, तोही अर्धा. शेवटचा भाग राहून गेला. नव्या परीक्षकांनी विचारलं, "काय राहिलं?" मी राहिलेलं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. काठावरचे गुण दिले. पास.

सर पुढे आले आणि परीक्षकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? मी म्हणत होतोच, जमेल हिला. थोडं कडक वागावं लागतं, तेव्हा शिकतात ही मुलं."

हे मला नापास होण्यापेक्षा जास्त झोंबलं. माझा अपमान त्यांनी केला होता, आणि आता माझं शिकणंही त्यांचंच झालं. मी हसले नाही. आभार मानले नाहीत. बाहेर येऊन आईला फोन केला. पास म्हटलं. तिनं विचारलं, "तुजं तू लावलंस का?" म्हटलं, व्हय.

नवं सेमिस्टर लागलं. जावाचाच पुढचा भाग. पुन्हा तीच लॅब, तेच सर, तोच प्रश्न, घरी लॅपटॉप कुणाकडे. हात वर झाले. जोड्या वाचल्या. सिद्धी आणि मी.

सिद्धी आली तोवर मी खुर्चीवर बसले होते. ती हसली. पिशवीतून कोरं करकरीत जर्नल काढलं, माझ्यापुढं धरलं. "घे ना. तुझ्या अक्षरात छान दिसतं."

"तुझं तू लिही."

तिला वाटलं मी गंमत करतेय. "अगं, पण मग मला बसू दे. मला टाइप करायचंय."

"आज मी करणार."

ती गोंधळली. तिनं सरांकडे बघितलं. सगळी लॅब बघायला लागली. सर आले.

"काय चाललंय? ऊठ. तुला बघून शिकायला काय होतं?"

मी उठले नाही.  कीबोर्डवरचे हात तसेच ठेवून म्हटलं,

"मी अख्खं सेमिस्टर बघितलं, सर. आता सिद्धी बघेल."

कुणी हसलं नाही.

"टर्मवर्कचे मार्क माझ्या हातात आहेत, हे लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

"मग ऊठ."

"नाही."

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही, पण आवाजावरून ओळखलं. "सरकून बस जरा. आज मी करती," शाहीन तिच्या जोडीदाराला सांगत होती. सांगोल्याचा पोरगा उभाच होता. तो त्या दिवशी बसला नाही. बसायला त्याला आणखी तीन आठवडे लागले. त्याला दोष देत नाही. त्याला काय गमवायचं होतं ते मला माहीत आहे.

सर खूप बोलले. शिस्त, उपकार, डोक्यावर चढणं. मी काळी खिडकी उघडली आणि टाइप करत राहिले. पहिल्याच खेपेला चूक आली, चौथ्या ओळीत. मी चौथी ओळ बघायला लागले.

त्या सेमिस्टरला टर्मवर्कमध्ये वर्गातले सगळ्यात कमी गुण माझे. शाहीनचे माझ्याहून जरा जास्त. सिद्धी माझ्याशी बोलायची थांबली, मग एके दिवशी येऊन म्हणाली की आता एक तास तू, एक तास मी. मी म्हटलं, चालेल. हे मी मेहरबानी म्हणून घेतलं नाही. तिनंही तशी दिली नाही, बहुतेक. वर्गात आता काही जोड्यांमध्ये तसं चालतं, काहींमध्ये अजून नाही. सर बदललेले नाहीत. मागच्या रांगेतल्या मशीनचा पाथ मी आणि शाहीननं लावला, सरांनी विचारलंसुद्धा नाही कुणी लावला.

या वर्षी खालच्या वर्गात नव्या पोरी आल्यात. परवा त्यांच्या लॅबच्या दारातून जात होते. एक बारकी पोरगी खिडकीच्या कट्ट्यापाशी उभी होती. पुढ्यात दोन जर्नलं. अक्षर सुंदर. मी आत गेले. तास चालू होता, सर तिथंच होते, तरी गेले. तिला म्हटलं, "दुसरं जर्नल मिट. आणि ज्याचं आहे त्याला नेऊन दे."

सर ओरडले, "तू बाहेर हो!"

ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली, मग सरांकडे. जर्नल मिटलं नाही तिनं. एवढ्यात मिटणार नाही, मला ठाऊक आहे. मी बाहेर झाले.

पण पुढच्या तासाला पुन्हा जाणार. त्याच्या पुढच्या तासालाही. माझे उरलेले गुण कापायचे तर कापा, दाखल्यावर काय लिहायचं ते लिहा. ती पोरगी खुर्चीवर बसेपर्यंत मी त्या दारातून हटणार नाही.